आत ठेवलेला कापूस

ऑपरेशनमध्ये पोटात जाणारा कापूस दोन तऱ्हेचा असतो. एक मोजून बाहेर काढायचा, दुसरा जाणूनबुजून आत ठेवायचा. पहिल्याबद्दल नियम आहेत, सिस्टरची मोजणी आहे, फळ्यावरचे आकडे आहेत, सर्वोच्च न्यायालयाचा निकालसुद्धा आहे. दुसऱ्याबद्दल बहुतेक वेळा एक ओळही लिहिलेली नसते. मी रेडिऑलॉजिस्ट आहे. वाशिम जिल्ह्यातल्या लोकांची पोटं सोनोग्राफीत आणि सीटी स्कॅनमध्ये वाचण्यात माझी उमर गेली. या दुसऱ्या कापसाचा इतिहास सांगावा असं बरेच दिवस मनात होतं. कापसाबद्दल बोलायचा थोडा हक्क मला जन्मानंही मिळालाय. मी कारंजा लाडचा, आणि वडील कापसाचे ग्रेडर होते.

ग्रेडर ही काय चीज होती हे आता पोरांना सांगावं लागतं. 1972 साली राज्य सरकारनं एकाधिकार कापूस खरेदी योजना आणली. मग शेतकऱ्यानं आपला माल सरकारी संकलन केंद्रावरच आणायचा, ग्रेडरनं तो पाहायचा आणि प्रत ठरवायची. बंड्यांची रांग दोन-दोन दिवस हलत नसे. वडील ढिगात कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस काढत, कारण वरचा पांढराशुभ्र आणि खालचा कवडीचा ही चलाखी सगळ्यांना ठाऊक होती. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ओढायची, पुन्हा जुळवायची, पुन्हा ओढायची आणि शेवटी बोटावर राहिलेल्या धाग्याची लांबी नजरेनं सांगायची. त्यांच्या एका शब्दावर माणसाचं वर्ष ठरत असे. म्हणून त्यांना चहा पाजणारेही खूप होते आणि शिव्या घालणारेही.

आमचा जिल्हा दोनदा जन्मला. इंग्रजांच्या काळी वऱ्हाडात बासिम नावाचा जिल्हा होता. तो 1905 साली अकोल्यात विरघळला. मग 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातूनच वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला. त्याच्याही मागे गेलं तर वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म इथंच होती, पण आमच्या गोष्टीला तितकं मागे जायची गरज नाही. आम्हाला 1853 पुरे. त्या वर्षी निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. पुढं 1861 ते 65 अमेरिकेत यादवी चालली, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना आणि आमच्या काळ्या मातीचं नशीब अचानक फिरलं. 1867 पर्यंत मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली. त्याच सुमारास रिव्हेट-कार्नॅक नावाचा साहेब मध्यप्रांत-वऱ्हाडाचा कापूस कमिशनर होता. कारंज्यासारखी पेठ मात्र मोठ्या रेल्वेपासून आडवाटेला. म्हणून किलिक निक्सन कंपनीनं 1903 ते 1916 या काळात यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर अशी अरुंद रूळगाडी टाकली. हीच आमची शकुंतला. ती माणसांसाठी नव्हती, गाठींसाठी होती. माणसं नंतर चढली.

या कापसाचा एक दोष मँचेस्टरवाले कायम सांगत: धागा आखूड आणि जाड. बारीक सूत निघत नाही. पण जो धागा सुताला नालायक तोच जखमेला उत्तम. पाणी आणि रक्त शोषायला आखूड, जाड देशी कापूस चांगला, हे आजही सर्जिकल कापूस बनवणारे सांगतात. ‘फुले धन्वंतरी’ हे देशी वाण त्याच गुणासाठी ओळखलं जातं. आता जिल्ह्यात जिकडंतिकडं सोयाबीन आणि तूर. पऱ्हाटीचं शेत शोधावं लागतं. आणि जे आहे ते 2002 नंतरचं बीटी, लांब धाग्याचं.

वेचणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत शेतात विळा लागला की आमच्याकडं तीन गोष्टी होत. एकदांडीचा पाला चोळून त्याचा रस जखमेवर पिळायचा. हळद दाबायची. आणि रक्त जास्तच असलं तर सुती चिंधी जाळून तिची राख भरायची. माझी आजी हे तिसरं काम फार तत्परतेनं करी. मेडिकलला गेल्यावर मी या राखेला हसलो नाही, पण घाबरलो जरूर, कारण धनुर्वाताचे रोगी मी वॉर्डात पाहिले होते. पुढं सुश्रुत वाचताना गंमत वाटली. सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात रक्त थांबवण्याचे चार मार्ग दिलेत: संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. जखमेवर भुरभुरायच्या चूर्णांच्या यादीत झाडांच्या साली आहेत, समुद्रफेन आहे, लाख आहे, आणि जाळलेलं क्षौम वस्त्रही आहे. म्हणजे कापड जखमेत ठेवावं ही कल्पना जुनी. अडचण अशी की न जाळलेलं कापड शरीराला पचत नाही. गाईला गवत पचतं, कारण सेल्युलोज तोडणारे जंतू तिच्या पोटात असतात. माणसाच्या ऊतींजवळ तसं काही नाही. कापसाचा बोळा पोटात राहिला तर शरीर एक तर त्याच्याभोवती पू करतं, नाही तर जाड आवरण बांधून त्याला कोंडून ठेवतं. वर्षानुवर्षं.

पाश्चात्त्य शस्त्रक्रियेला ही अडचण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नीट भिडली. भूल आली, लिस्टरचं जंतुनाशन आलं, बर्मिंगहॅमच्या गॅमगीनं 1880 साली कापूस आणि गॉजचे थर एकत्र करून पट्टी केली, आणि पोट, मेंदू, कणा उघडण्याचं धाडस वाढलं. मोठी रक्तवाहिनी दोऱ्यानं बांधता येते. पण यकृताचा काप, मेंदूचा पृष्ठभाग, हाडाची तुटकी कड यांतून जे झिरपतं त्याला गाठ कुठं मारणार? व्हिक्टर हॉर्स्लीनं 1892 साली हाडावर मेण चोळलं. हार्वी कुशिंगनं 1911 साली चांदीच्या बारीक क्लिपा केल्या, आणि रोग्याच्याच स्नायूचा तुकडा कापून मेंदूवर दाबला. मेण आजही वापरतात. ते विरघळत नाही, तिथंच राहतं.

पुढचा टप्पा दवाखान्यात नव्हे, फोटोच्या कारखान्यात घडला, आणि इथं माझ्या दोन्ही वारशांची गाठ पडते. एक्स-रेची फिल्म कशाची असे? कापसाची. सरकीला चिकटून राहणारी आखूड लव, जिला जिनिंगमध्ये कुणी विचारत नाही, तिच्या शुद्ध सेल्युलोजवर आम्लाची प्रक्रिया करून आधी नायट्रेटची फिल्म बनवत. ती भयंकर पेटे. 15 मे 1929 रोजी क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये साठवलेल्या एक्स-रे फिल्मना आग लागली आणि विषारी धुरानं 123 माणसं गेली. त्यानंतर जगानं सहज न पेटणारी, अॅसिटेटची फिल्म झपाट्यानं स्वीकारली. तीही सेल्युलोजचीच. तेव्हा रॉचेस्टरच्या कोडॅक कंपनीत सेल्युलोजवर रात्रंदिवस डोकं चालवणारे रसायनतज्ज्ञ असणं स्वाभाविकच. त्यांतल्या याकेल आणि केन्यन या दोघांनी 1942 साली एक शोधनिबंध छापला: कापसावर नायट्रोजन डायऑक्साइड वायू सोडला की त्याच्या साखळीतला एक ठरावीक भाग बदलतो आणि तो आम्लधर्मी होतो. दिसायला कापूसच राहतो, कापडही कापडच राहतं. पण आता ते सौम्य अल्कलीत विरघळतं. आणि आपलं रक्त, आपल्या ऊतींतलं पाणी थोडंसं अल्कलीच असतं.

हा पदार्थ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात व्हर्जिनिया नीलँड फ्रँट्झ यांच्या हाती आला. या बाईंबद्दल मला विशेष आदर आहे. 1922 साली प्रेसबिटेरियन हॉस्पिटलच्या सर्जरी विभागात इंटर्न म्हणून घेतलेली ती पहिली स्त्री. पुढं मात्र त्या पॅथॉलॉजीकडं वळल्या. आत ठेवलेल्या वस्तूचं पुढं काय होतं हे सर्जनपेक्षा पॅथॉलॉजिस्टला जास्त दिसतं, कारण सर्जन पोट शिवून निघून जातो. फ्रँट्झ यांनी 1943 साली अॅनल्स ऑफ सर्जरीमध्ये विरघळणाऱ्या कापसाचा, कागदाचा आणि गॉजचा अहवाल दिला. त्याच वर्षी, त्याच मासिकात ट्रेसी पुटनम या मेंदूच्या सर्जननं असा विरघळणारा सेल्युलोज थ्रॉम्बिन या रक्त गोठवणाऱ्या पदार्थाबरोबर मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापरल्याचं लिहिलं. महायुद्धाचे दिवस होते, रक्त थांबवणाऱ्या कुठल्याही गोष्टीला मागणी होती. 1945 च्या सुमारास जिलेटिनचा स्पंज आला. 1960 च्या सुमारास कापसाऐवजी पुनर्निर्मित सेल्युलोजचा, म्हणजे सेल्युलोज विरघळवून पुन्हा काढलेल्या एकसारख्या धाग्याचा, विणलेला तुकडा आला. तो आमचे सर्जन आजही ‘सर्जिसेल’ म्हणून मागतात, पाकिटावर नाव कुठलंही असो. सत्तरच्या दशकात कोलॅजनची भुकटी आली.

थिएटरमध्ये पाहिलंत तर सर्जिसेल ही मोठी साधी वस्तू आहे. पिवळसर पांढरी, विरळ विणीची जाळी. सर्जन कात्रीनं तुकडा कापतो, रक्त झिरपणाऱ्या जागी ठेवतो, वरून थोडा वेळ दाब देतो. जाळी रक्त पिते, फुगते, काळीभोर होते, चिकट होते. गुठळीला धरायला आधार मिळतो आणि झिरपणं थांबतं. बनवणारे सांगतात की काम झालं की जास्तीचा भाग काढून घ्या. मज्जारज्जूजवळ किंवा नसेजवळ तर काढाच, कारण फुगून दाब पडतो. पोटात मात्र थोडी जाळी ठेवली तर चालते. ती साधारण एक ते दोन आठवड्यांत विरघळते, जास्त ठेवली तर आठ आठवड्यांपर्यंत रेंगाळते. जिलेटिनला चार ते सहा आठवडे लागतात. इथपर्यंत सगळं ठीक. प्रश्न तेव्हा येतो, जेव्हा या मधल्या काळात कुणी आत डोकावतं.

1943 साली डोकावायची सोयच नव्हती. साध्या एक्स-रेत कापूस दिसत नाही. बाहेर काढायच्या कापसासाठी म्हणूनच एक युक्ती निघाली: गॉजच्या विणीत बेरियम घातलेला दोरा ओवायचा. मोजणीत एखादं मॉप, म्हणजे गॉजची घडी, कमी भरलं तर टेबलावरच एक्स-रे काढायचा, तो दोरा पांढऱ्या वळणाच्या रूपात दिसतो. आत ठेवायच्या कापसात असा दोरा कुणी घातला नाही, आणि घालण्यात अर्थही नव्हता. विरघळून जाणाऱ्या वस्तूची खूण कशाला?

मी शिकत होतो तेव्हा फिल्म अंधाऱ्या खोलीत धुवायची. डेव्हलपर, पाणी, हायपो, पुन्हा पाणी, मग हँगरला लावून वाळत घालायची. ऑपरेशन थिएटरमधून निरोप आला तर ओली फिल्मच पळवत न्यायची, हातावरून पाणी ओघळत असे. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’ फिल्मचे डबे रिकामे झाले की कंपाउंडर घरी डाळीसाठी नेत. वापरलेला हायपो विकत घ्यायला माणसं येत, त्यातली चांदी काढायला. त्या अंधाऱ्या खोलीत बसून पोटातला विरघळणारा कापूस दिसण्याची गोष्टच नव्हती.

तो दिसू लागला सीटी स्कॅनमुळं. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमधल्या अॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात पहिल्या रोग्याच्या मेंदूचं सीटी झालं. ते यंत्र बनवणारा गॉडफ्रे हौन्सफिल्ड हा ईएमआय कंपनीचा इंजिनियर. 1979 साली त्याला अॅलन कॉर्मॅकबरोबर नोबेल मिळालं. हौन्सफिल्डच्या नावाची मोजपट्टी आम्ही रोज वापरतो: पाणी शून्य, हवा उणे हजार, बाकी सगळं शरीर याच पट्टीवर कुठं तरी. आणि या पट्टीनं आत ठेवलेला कापूस उघडा पाडला, पण भलत्याच रूपात. सीटीत जाळी दिसत नाही. तिच्या विणीत अडकलेली हवा दिसते. सरकी काढलेली रुई दाबली तरी तिच्यात हवा राहतेच, तशी ही हवा. म्हणजे शस्त्रक्रियेच्या जागी एक मऊसर गोळा, आणि त्यात हवेचे काळे ठिपके. आता पोटात ऑपरेशननंतर आठ-दहा दिवसांनी गोळ्यात हवेचे ठिपके दिसले तर कुठलाही रेडिऑलॉजिस्ट पहिला शब्द उच्चारतो तो पुवाचा. हवा करणारे जंतू, म्हणजे गळू. 1993 साली अमेरिकन जर्नल ऑफ रेंटजेनॉलॉजीमध्ये यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच लिहिलं: ऑपरेशननंतरच्या सीटीत हा सेल्युलोज गळवासारखा दिसतो. फ्रँट्झ बाईंच्या अहवालाला तेव्हा पन्नास वर्षं झाली होती.

मग ओळखायचं कसं? पुवाच्या पोकळीत हवा वर चढते, पू खाली बसतो, आणि दोहोंच्या मध्ये सपाट रेषा पडते. जाळीतली हवा अडकलेली असते. ती वर चढत नाही, रोग्याला कुशीवर वळवलं तरी जागची हलत नाही, आणि ठिपके पुष्कळदा एकमेकांना चिकटून, ओळीनं बसलेले असतात. पुवाला भोवती भिंत येते आणि शिरेतून दिलेलं काँट्रास्ट औषध त्या भिंतीत उजळतं. जाळीला अशी भिंत सहसा नसते. एमआरआयच्या एका तऱ्हेच्या चित्रात, ज्याला टी-2 म्हणतात, पू पांढरा दिसतो आणि ही जाळी काळपट. सोनोग्राफीत मात्र मोठी पंचाईत: पांढरा लखलखीत पट्टा, मागे धुरकट सावली, म्हणजे हवा आहे एवढंच कळतं. काही आठवड्यांनी पुन्हा पाहिलं तर जाळी आटलेली असते. पण ‘काही आठवड्यांनी’ हे तापानं फणफणलेल्या माणसाला कसं सांगायचं?

इथं दुसऱ्या, म्हणजे मोजायच्या कापसाची भीती आडवी येते. ती भीती फुकट नाही. 1963 साली औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या एका बाईच्या पोटात मॉप राहिलं. पोट पुन्हा उघडल्यावर ते सापडलं, पण बाई वाचली नाही. खटला चालत चालत सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1996 साली निकाल लागला: पोटात मॉप राहिलं, हाच हलगर्जीचा पुरावा. तेहतीस वर्षं. हा निकाल माझ्या पिढीच्या प्रत्येक सर्जनच्या डोक्यात कोरलेला आहे. लोकांना निकाल माहीत नसतो, पण ‘पोटात कापूस राहिला’ हे वाक्य प्रत्येक गावात माहीत असतं.

मानोऱ्याकडची एक बाई आठवते. गर्भपिशवीचं ऑपरेशन दुसऱ्या मोठ्या गावी झालेलं. घरी आली आणि बारीक ताप सुरू झाला. कुणी तरी सोनोग्राफी केली, कुणी तरी काही तरी बोललं, आणि ती माझ्यासमोर आली तेव्हा निदान तिच्याजवळ तयारच होतं.

“डाक्टरसायेब, पोटात कापूस राह्यला म्हन्ते. खरं हाय काय?”

मुलगा मागं उभा. त्याचा प्रश्न वेगळा होता. “केस करता येते काय?”

सीटीत टाक्यांच्या जागी हवेच्या ठिपक्यांचा गोळा होता. भिंत नाही, सपाट रेषा नाही, दोऱ्याची पांढरी खूण नाही. दोरा दिसला नाही म्हणून मॉप नाहीच, असंही म्हणता येत नाही, कारण आपल्याकडं सगळ्या मॉपांत तो असतोच असं नाही. डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचं नाव, तारीख, टाके कधी काढायचे आणि गोळ्या. बस. मी विचारलं, “भाऊ, बिलं आणली काय?” त्यानं किराणा दुकानाची पिशवी टेबलावर पालथी केली. मेडिकलच्या बिलांचा ढीग. सलाइन, सुया, दोरे, हातमोजे, आणि ऑपरेशनच्याच तारखेच्या एका बिलावर, वेड्यावाकड्या छपाईत, विरघळणाऱ्या सेल्युलोजच्या जाळीचं एक पाकीट. सर्जनला फोन लावला. ते लगेच बोलले: हो, एका बाजूला झिरपत होतं, तुकडा ठेवलाय. लघवीच्या तपासणीत जंतू निघाले, ताप त्याचा होता. पोट उघडावं लागलं नाही. काही आठवड्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हा गोळा जवळजवळ गेलेला होता. मुलाला मी जाळी म्हणजे काय ते समजावलं. त्याला ते पटलं की नाही, सांगता येत नाही.

तेव्हापासून नाही, त्याच्या आधीपासूनच, बिलांची पिशवी हा माझ्या कामातला भरवशाचा कागद आहे. याचं कारण आपल्या दवाखान्यांच्या रीतीत आहे. ऑपरेशनचं सामान नातेवाईक खालच्या मेडिकलमधून आणून देत, आणि प्रत्येक वस्तूचं बिल होई. डोळ्यात भिंग बसवलं, हृदयात स्टेंट टाकला, की त्याचा स्टिकर फाइलला चिकटवतात. कारण ती महाग वस्तू, आणि कायम राहणारी. विरघळणारी जाळी त्या मानानं स्वस्त, आणि जाणारी. तिचा स्टिकर कचऱ्यात जातो. ऑपरेशनच्या सविस्तर टिपणात कधी कधी उल्लेख असतो, पण ते टिपण दवाखान्याच्या कपाटात, आणि रोगी शंभर किलोमीटर दूर मंगरूळपीरच्या किंवा रिसोडच्या एखाद्या वाडीत. आमच्या जिल्ह्याचं हेच रडगाणं आहे: कापायचं एका गावी, वाचायचं दुसऱ्या. अकोला, यवतमाळ, नागपूर, सेवाग्राम, इथून माणसं शिवून येतात. 2022 च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला, तो आमच्या कारंजा-मालेगावातून जातो. आता नागपूर जवळ आलं, आणि तिकडं शिवून घेणारे आणखी वाढले. कागद मात्र त्यांच्याबरोबर येत नाहीत.

आणि आता बिलंही येईनाशी झालीत. 2012 साली राजीव गांधी जीवनदायी योजना काही जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर पसरली, 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना असं नाव मिळालं. तिनं आमच्या भागातल्या माणसांचे किती तरी एकर वाचवले. पूर्वी मोठं ऑपरेशन म्हणजे शेत विकणं. मी या योजनेच्या बाजूचा माणूस आहे. पण योजनेतल्या रोग्याला सामान विकत आणावं लागत नाही, म्हणून बिल नाही. बिल नाही म्हणून माझा पुरावा नाही. माणूस कर्जातून सुटला आणि मी अंधारात आलो, असा हा व्यवहार आहे. तो मला मान्य आहे, फक्त एका ओळीची भरपाई हवी आहे.

ऑक्टोबर 2024 मध्ये वाशिमच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. ज्या जिल्ह्याची गणना 2018 पासून केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे सरळ बोलायचं तर मागं राहिलेल्या, जिल्ह्यांत होते तिथं हे होणं मोठंच. उद्या कापणारे आणि वाचणारे एकाच आवारात असतील. तरी मला वाटतं, रोग्याच्या हातातल्या कार्डाला पर्याय नाही. संगणकातली नोंद त्या त्या दवाखान्याची असते. कार्ड रोग्याचं असतं, गादीखाली ठेवलेलं असतं, आणि लागलं की निघतं.

माझा एक सर्जन मित्र आहे. माझी कटकट ऐकून ऐकून त्यानं एक रबरी शिक्का करून घेतला: ‘विरघळणारा पदार्थ आत ठेवला आहे. प्रकार, जागा, तारीख.’ पुढं तीन रिकाम्या रेघा. डिस्चार्ज कार्डावर तो मारतो आणि पेनानं भरतो. त्याची कार्डं घेऊन आलेले रोगी आता माझ्याकडं येतात तेव्हा मी पिशवी पालथी करायला सांगत नाही. तुकडा किती मोठा ठेवला तेही लिहीत जा, कारण दोन आठवडे की आठ आठवडे हे त्याच्यावर ठरतं, असं मी त्याला म्हणतो. त्याचं म्हणणं, शिक्क्यावर जागा उरलेली नाही.